जावईमाइक

धाड गावाला जाणाऱ्या एसटीत, उजव्या हाताच्या तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसलेल्या अविनाश खर्चे यांच्या सोमवारी सकाळी लक्षात आलं की आपण नाही. तसे ते होते. कंडक्टरनं त्यांचा पास पाहिला होता, शेजारच्या बाईच्या पिशवीतली मेथीची जुडी त्यांचा गुडघा ओला करत होती, आणि पुढच्या बाकावरचा ओळखीचा मास्तर दर दोन मिनिटांनी मागे वळून "काय बाबू, आज गाडी टाइमावर" असं सांगत होता. बाहेर सगळीकडे ते हजर होते. नव्हते ते फक्त कानात. कानात नांदुऱ्याचा परवाचा कार्यक्रम लावलेला होता. मंडळाच्या गायिका संजीवनीताईंनी ध्रुपद संपवलं, जीवनचा तबला एक आवर्तन एकटाच पुढे गेला, आणि जिथं खर्च्यांच्या पेटीनं खालच्या पंचमापासून उसळी मारून वरच्या षड्जापर्यंत जायचं होतं, गेली होती, बोटांना ती वाट अजून आठवत होती, तिथं कुणीतरी खोकलं. मग स्टीलचं भांडं पडलं. मग एक पोर "आई, चाल ना" म्हणालं. आणि मग ताईंनी अंतरा उचलला, जणू मधे काही व्हायचं नव्हतंच.

त्यांनी मागे घेऊन पुन्हा लावलं. खोकला, भांडं, पोर, अंतरा. तिसऱ्यांदा त्यांना त्या खोकल्याची लयही पाठ झाली. इअरफोनचं डावं बोंडूक उजव्या कानात घालून पाहिलं, उजवं डाव्या. आवाज वाढवला तेव्हा तबला वाढला. पेटी अगदीच नव्हती असंही नाही. फार लांब, बंद दाराआड कुणी पीठ मळता मळता गुणगुणावं तसं काहीतरी ताईंच्या माइकातून चोरून येत होतं, आणि गाडीनं गिअर बदलला की तेही जात होतं. धाडच्या शाळेत गेली सव्वीस वर्षं ते कारकून होते आणि हजेरीपट त्यांच्याच हाती होता. सही आहे पण माणूस जागेवर नाही, हा प्रकार त्यांना दुरून वासानं कळायचा. तो वास आता त्यांना स्वतःच्या सदऱ्यातून येऊ लागला.

हे चित्र काढून नुसता आवाज ठेवण्याचं तंत्र त्यांना डिंपल मॅडमनी शिकवलं होतं. त्या शाळेत नव्या आल्या होत्या आणि मोबाइलच्या बाबतीत सगळा स्टाफ त्यांच्यापुढे पहिलीच्या वर्गासारखा मांडी घालून बसायचा. खर्च्यांची अडचण साधी होती. बुलढाणा ते धाड जाऊन-येऊन रोजचे दोन तास, आणि मैफलींचे व्हिडिओ तर एकेक तीन तासांचे. मोबाइल खिशात ठेवला की पडदा काळा होतो आणि गाणं बंद. हातात धरला तर शेजारचा डोकावतो, रेंज गेली तर गवई तोंड उघडून तसाच थिजतो. "सर, तुमाले त्यायची तोंडं पाह्यची हायेत का गाणं ऐकायचं हाय?" मॅडमनी विचारलं होतं. "मंग चित्र फेकून द्या ना." दोन ठिकाणी बोट दाबलं आणि दीड जीबीचा गवई नव्वद एमबीचा झाला. खर्चे हरखले. चित्र म्हणजे नुसती सूजच की! दोन महिन्यांत त्यांनी मोठमोठ्या मैफली अशा उतरवून घेतल्या, वसंतापासून भैरवीपर्यंत क्रम लावून ठेवल्या, आणि गाडीत डोळे मिटून बसू लागले. आपला कार्यक्रम असा ऐकायची ही पहिली वेळ. आजवर त्यांच्या मंडळाचे व्हिडिओ म्हणजे कुणाच्या तरी भाच्यानं खुर्चीवर उभं राहून काढलेले तुकडे असायचे. नांदुऱ्याला मात्र ज्या व्यापाऱ्याची पंचाहत्तरी होती त्याच्या नातवानं दोन कॅमेरे लावले होते आणि आवाज साउंडवाल्या मतीनच्या मिक्सर-बोर्डातून थेट वायरीनं घेतला होता.

काल, रविवारी, हाच व्हिडिओ त्यांनी घरी चार वेळा पाहिला होता आणि चारही वेळा त्यांना पेटी ऐकू आली होती. स्वच्छ ऐकू आली होती. त्यांची बोटं पळताना दिसत होती, भाता हलत होता, मान एका बाजूला झुकत होती (हे झुकवणं जरा जास्त झालं, पुढच्या वेळी कमी करायचं असंही त्यांनी मनाशी ठरवलं होतं), आणि ज्या क्षणी बोट खाली जाई त्या क्षणी सूर कानात येई. मग तो कुठून येत होता? डोळ्यांनी वाजवला आणि कानांनी निमूटपणे सही केली, असं झालं असणार. म्हणजे समोर बसलेल्या दोनशे लोकांनीही तेच केलं असणार. कार्यक्रम संपल्यावर व्यापाऱ्याच्या व्याह्यानं हात हातात घेऊन "पेटी काय वाजवली हो" म्हटलं होतं. मोताळ्याला तर एक म्हातारा पायाच पडला होता. त्यानं काय ऐकलं होतं? खर्च्यांच्या डोक्यात कोण किती वेळा 'वा' म्हणालं याचा एक पक्का तक्ता असे. खरी 'वा' कोणती, जेवण चांगलं होतं म्हणून दिलेली कोणती, आपल्या मुलीला गाण्यात घ्यावं म्हणून दिलेली कोणती. इतक्या वर्षांच्या त्या तक्त्यावर आता मेथीचं पाणी पसरत चाललं होतं.

आणि धाडचा थांबा येईपर्यंत, नको नको म्हणत असताना, त्यांना तो शब्द आठवलाच. जावईमाइक. शब्द त्यांचाच. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका गावी यजमानांचे धाकटे जावई खंजिरी घेऊन स्टेजवर चढले होते. उतरा म्हणायची सोय नव्हती. तेव्हा मतीननं पेटाऱ्यातून सगळ्यात चकचकीत डोक्याचा माइक काढला, अदबीनं जावयांच्या खंजिरीसमोर लावला, वायर बोर्डात खोचली आणि बोर्डावरची त्या माइकाच्या आवाजाची पट्टी पार खाली ओढून ठेवली. जावईबापू दोन तास घामाघूम होऊन वाजवत होते आणि बाहेर एक टिचकीही ऐकू जात नव्हती. सासरेबुवांचे डोळे भरून आले होते. परतताना जीपमध्ये हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली आणि खर्चे म्हणाले, "माइकबी जावयासारखाच पाह्य. पुढं बसवायचा, हार घालायचा, काम नाई सांगायचं." तेव्हापासून मंडळात हे खातंच झालं. कुठल्या सरपंचांचे साडू झांजा घेऊन आले, कुणा डॉक्टरांना बासरी सुचली, की खर्चे मतीनकडे पाहून कानामागे खाजवायचे. ती खूण. आणि कुणी मधेच तक्रार केली की आपला आवाज येत नाही, तर काय सांगायचं तेही खर्च्यांनीच बसवून दिलं होतं: तुमचा हात लई दमदार हाय, बोर्डात गुंजते, म्हणून जरासं मागं ठेवलं. हे ऐकून नाराज झालेला माणूस त्यांनी अजून पाहिला नव्हता. माणसाला दमदार म्हणा आणि त्याचं तोंड बंद करा, तो आभार मानतो, असं ते डिंपल मॅडमनाही एकदा सांगत होते.

त्या दिवशी शाळेत त्यांनी आवक-जावक रजिस्टरात मागच्या वर्षाची तारीख घातली. संध्याकाळी घरी आले तेव्हा पंचफुलाबाई ओट्यापाशी गवार निवडत बसल्या होत्या. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि तीस वर्षं त्या ही पेटी भिंतीपलीकडून ऐकत आल्या होत्या. खर्च्यांनी एक बोंडूक त्यांच्या कानात घातलं, एक आपल्या.

"पेटी येते का ऐकू?"

"येते ना."

"कुठं?"

"हे काय. हे, हे."

"हा तबला आहे."

"मंग त्याच्या मागं असन." बाईंनी शेंगेची शीर ओढली. "तुमची पेटी मले बाजारात बसूनबी ऐकू येते, हे तं कानातच हाय. एवढं काऊन तपासून राह्यले पन? कोनी काई बोललं काय तुमाले?"

"नाही, कोण बोलणार."

"बोलाव तं खरं कोनी. आवाज नाई आला तं बरंच हाय म्हना, पाचव्या गल्लीतली म्हातारी तरी झोपन."

एरवी ते हसले असते. त्यांनी बोंडूक काढून घेतलं. बाईंना ऐकू येत होतं हे खोटं नव्हतं, हेच तर वाईट होतं. त्यांना पेटी ऐकू येत होती कारण ती असतेच, घरातल्या घड्याळासारखी. बंद पडली तरी महिनाभर टिकटिक येत राहते. त्यांनी स्वतःचा डावा हात पाहिला. करंगळी सकाळी जरा बधिर असते, हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. भात्याचाच हात तो, बोटं चालवायचा नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. पण मतीनला दिसलं असेल. जीवनला लय ओढावी लागत असेल. सगळ्यांना माहीत असेल आणि जीपमध्ये आपण उतरल्यावर, आपला बुलढाण्यातला कोपरा आला की, "बस, काका, या," म्हणून दार लावल्यावर गाडी पुढे जाते तेव्हा आत काय होत असेल? तो हसण्याचा आवाज त्यांना चांगला ओळखीचा होता. त्यात आजवर त्यांचंच हसणं सगळ्यात मोठं असे.

बुधवारी शाळा सुटल्यावर ते मतीनच्या दुकानात गेले. मतीन बाजारगल्लीत साउंडचं दुकान चालवायचा. चाळिशीचा, गोरा, सदा कुठल्यातरी वायरीचं टोक दातात धरलेला. खर्च्यांनी थेट विचारलं नाही. थेट विचारणाऱ्याला थेट उत्तर मिळत नाही, हा ऑफिसातला नियम. त्यांनी आधी कॅमेऱ्यांची चौकशी केली, मग नातवाचं कौतुक केलं, मग चहा येऊ दिला.

"नांदुऱ्याचा आवाज बोर्डातूनच घेतला होता ना रे त्यानं?"

"हाव काका, डायरेक्ट. एकदम साफ."

"सगळ्यांचा?"

मतीननं डाग दिलेल्या जॅकवर फुंकर मारली. लागते त्यापेक्षा लांब मारली. "सगळ्यायचा."

"माझा?"

दुकानात पंखा चालू होता. मतीननं वायर खाली ठेवली, हात पुसला, आणि चेहऱ्यावर अदब आणून म्हणाला, "काका, आता काय सांगू तुमाले. तुमचा हात लई दमदार हाय. बोर्डात गुंजते. म्हणून जरासा मागं ठेवला."

म्हणताक्षणी मतीनच्याही लक्षात आलं. त्याचे कान लाल झाले. खर्च्यांना वाटलं आता हा हसेल, किंवा आपण हसू, आणि मग ते सहन होईल. कुणीच हसलं नाही.

"कधीपासून?"

"जाऊ द्या ना काका."

"कधीपासून, मतीन?"

"गोपालचा कीबोर्ड आला तवापासून." म्हणजे तीन वर्षं. "दोन बाजे स्पीकरच्या एकाच डब्यातून निघाले की भांडतेत काका. लोकायले समजत नाई काय खुपून राह्यलं, पन खुपते. जीवन अन् गोपाल म्हनत व्हते, आता पेटी कायले पाह्यजे. तं संजीवनीताई म्हने, दादा बसतीनच. इथंच बसतीन, माह्या बाजूले. बाकी तू पाहून घे. मंग म्या पाहून घेतलं. तुमाले सांगू नको म्हने त्या. आता तुमी इचारलं म्हनून…"

खर्चे उठले. मतीननं चहा संपवा म्हटलं, तो त्यांनी संपवला, कारण अर्धा टाकून जाणं म्हणजे काहीतरी लागलंय असं दाखवणं. रस्त्यावर आल्यावर त्यांच्या मनानं ते वाक्य उलटसुलट करून पाहायला घेतलं. दादा बसतीनच. बसतील, वाजवतील नव्हे. बाजूला. म्हणजे देव्हाऱ्यात मोडलेली समई असते तशी. संजीवनीताई खासगी शाळेत मराठी शिकवायच्या, चाळिशीच्या, आवाज असा की माइक नसला तरी चालावा. अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा गायला आल्या तेव्हा त्यांना आपली पट्टीही माहीत नव्हती. काळी चार ही त्यांची पट्टी खर्च्यांनी शोधून दिली होती, एकेक स्वर दाबून, मापाचा ब्लाउज बेतावा तसा. त्या बाईनं आपल्यावर दया केली. जीवन आणि गोपाल काढायला निघाले होते ते बरे. त्यांच्या बोलण्याला निदान एक बाजू होती. दयेला उत्तरच देता येत नाही. कानामागे खाजवून दाखवायला समोर कुणी नसतं.

मग त्यांना सगळीकडे जावई दिसू लागला. नांदुऱ्याला हार घालताना त्यांचा हार जाड होता. जेवायला आधी त्यांना बसवलं होतं. गुरुवारी ताईंचा फोन आला, "दादा, शनिवारी धामणगाव बढ्याले शाळेच्या हॉलचं उद्घाटन हाय, चारले. तुमी निघू नका, आमीच घ्याले येतो घरी." घ्याले येतो! पूर्वी ते बसस्टँडवर पेटी डोक्यावर घेऊन उभे राहायचे. येत नाही म्हणून सांगावं असं जिभेवर आलं होतं, ताप आलाय, पाहुणे आलेत, पण त्यांनी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की नाही म्हटलं असतं तर ताईंना कसं वाटलं असतं याची भीती नव्हती. कसंच वाटलं नसतं याची होती.

त्या दोन दिवसांत गाडीत ते फक्त एकच गाणं ऐकत होते. ताईंनी स्वतः चाल लावलेली एक गवळण होती, मंडळाची हुकमी. तिच्यात दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी एक जागा आहे. तबला थांबतो, कीबोर्ड थांबतो, सगळं थांबतं, ताई श्वास घेतात, आणि एकदम वरच्या षड्जावर येतात. लोक इथं हमखास टाळी देतात. त्या थांबण्यात पेटीचा एकच सूर असतो, वरचा सा, हलका, दोन मात्रांचा. तो खर्चे देतात. अकरा वर्षं देत आले. पण कानात त्या जागी काहीच नव्हतं. श्वास घेताना ताई हातातला माइक मांडीवर खाली करतात, त्यामुळे तिथं नुसती समोरच्या रांगेची कुजबुज होती, आणि मग त्या मोकळ्या हवेतून ताईंचा षड्ज उभा राहत होता. सरळ. केसभर इकडे नाही, तिकडे नाही. खर्च्यांनी तो वीस-पंचवीस वेळा ऐकला. बाईला पेटीच्या सुराची गरजच नव्हती. बाई कशाचाही आधार न घेता शून्यातून स्वर काढत होती, आणि शेजारी एक माणूस दोन मात्रा भाता हलवत होता. याहून स्वच्छ पुरावा त्यांनी कुठल्या चौकशीत पाहिला नव्हता. शुक्रवारी परतीच्या गाडीत, ड्रायव्हरनं दिवे लावले तेव्हा, त्यांच्या मनात आलं: मग मी तिथं काहीही दाबलं तरी काय होणार आहे?

विचार साधा होता, पण तो आल्यापासून त्यांना पाच दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

शनिवारी जीप दारात आली. ताई पुढच्या सीटवरून उतरल्या. "दादा, पुढं बसा, तुमचे गुडघे." जीवननं पेटी हातातून घेतली, "आना काका, मी धरतो." राजूर घाट उतरताना गोपालनं विचारलं की काका आज गप्प काऊन, तर जीवन म्हणाला, "काका रियाज करून राह्यले मनात. आपल्यासारखे नाई बे, गाडीत बसले की मोबाइल." सगळे हसले. खर्चेही हसले आणि आरशात कोण किती हसतंय ते पाहून ठेवलं. ताई हसल्या नव्हत्या. त्या खिडकीबाहेर पाहत ओठांनी काहीतरी म्हणत होत्या, त्यांचं कार्यक्रमाआधी असंच असतं. खर्च्यांना ते माहीत होतं, पण आज त्यांनी तेही आपल्याविरुद्धच नोंदवलं.

हॉल नवा होता, चुन्याचा आणि रंगाचा वास अजून ओला होता, पत्र्याखाली आवाज घुमत होता. तीनेकशे माणसं. पुढे पालक, मागे दारापर्यंत बाया. मतीननं माइक लावत लावत खर्च्यांपाशी येऊन पेटीसमोर एक लावला. त्याच्याकडे न बघता लावला. चकचकीत डोक्याचा. "काका, पाहा बरं," तो पुटपुटला. खर्च्यांनी सगळ्या लोकांदेखत माइकावर दोन टिचक्या मारल्या, मान डोलावली, छान आहे म्हणून हात वर केला. मतीनचा चेहरा रडवेला झाला. ते पाहून त्यांना बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

पहिली चार गाणी त्यांनी नीट वाजवली, कदाचित तीन वर्षांत वाजवली नव्हती इतकी. कुणासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. प्रत्येक आलापानंतर ते समोरच्या चेहऱ्यांकडे पाहत होते; लोक त्यांच्या बोटांकडे पाहून माना हलवत होते, आणि त्यांना त्या माना एकेक करून धरून विचारावंसं वाटत होतं, काय ऐकलंत, सांगा. मग गवळण आली. ध्रुपद झालं, पहिला अंतरा झाला. अजूनही करायचंच असं नव्हतं. अजूनही बोट आपोआप जाईल तिकडे जाऊ द्यावं, असं होतं. तबला थांबला. गोपालनं हात उचलले. ताईंनी माइक मांडीवर खाली केला, डोळे मिटले, आणि शरीर जरासं, चार बोटं, डावीकडे, पेटीकडे झुकवलं.

व्हिडिओत ते झुकणं खर्च्यांनी चार वेळा पाहिलं होतं. तो गाण्याचा आविर्भाव आहे असं त्यांना वाटलं होतं. त्यांचं स्वतःचं मान झुकवणं जसं होतं तसं. आता हे दिसलं तोवर बोट काळी चार ओलांडून शेजारच्या पांढरीवर गेलेलं होतं आणि भात्यात हवा होती. अर्धा सूर वर. दोन मात्रा, हलका.

ताईंनी माइक उचलला आणि तोच सूर घेतला. जसाच्या तसा, पूर्ण भरवशानं, छाती भरून. तीनशे लोकांपुढे अर्धा सूर वर. मतीनच्या डब्यांतून तो हॉलभर गेला, पत्र्यावर आपटला, आणि पुढच्या मात्रेला गोपालचा कीबोर्ड काळी चारवर येऊन त्याच्यावर आदळला. काचेवर खिळा ओढावा तसं काहीतरी झालं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं कानावर हात नेला. मागे पोरं हसली. ताई थांबल्या. अकरा वर्षांत त्या थांबल्या नव्हत्या. गोपालनं त्यांच्याकडे पाहिलं, जीवननं त्यांच्याकडे पाहिलं, सगळ्या हॉलनं त्यांच्याकडे पाहिलं. पेटीकडे कुणीच पाहिलं नाही. पाहण्यासारखं तिथून काही ऐकूच गेलेलं नव्हतं.

"चूक माझी," खर्चे म्हणाले. समोरच्या माइकात म्हणाले. "माझी चूक झाली, त्यांची नाही. चुकीची पट्टी मी दाबली." त्यांचे ओठ हलताना लोकांना दिसले असावेत, एकदोघांनी सहानुभूतीनं मान हलवली, म्हाताऱ्या वादकानं गायिकेला धीर द्यावा तसं काही त्यांना वाटलं असेल. बोर्डामागे मतीन उभा राहिला होता. त्याचा हात त्या एका पट्टीवर होता आणि ती वर करावी की नाही हे त्याला कळत नव्हतं. खर्च्यांनी त्याच्याकडे पाहून हातानं वर, वर अशी खूण केली. मतीननं तिचा काय अर्थ लावला कोण जाणे, त्यानं ताईंचा आवाज वाढवला.

आणि वाढवलेल्या आवाजात ताई हसून लोकांना म्हणाल्या, "माफ करजा बरं, घसा बसला जरासा. तुमच्या गावचं पानी पेलं नाई ना अजून." लोक हसले. कुणीतरी ग्लास आणून दिला. त्यांनी दोन घोट घेतले, माइक मांडीवर पालथा घातला, आणि खर्च्यांकडे न वळता, ओठही फारसे न हलवता म्हणाल्या, "दादा, सूर द्या. मले या पत्र्याखाली त्या डब्यायचं काई ऐकू येत नाई. कधीच नाई येत, पेटीच ऐकू येते. द्या."

खर्च्यांना पुष्कळ बोलायचं होतं. म्हणजे तुम्ही तीन वर्षं, म्हणजे तो शून्यातला, म्हणजे बाजूलेच बसतीन ते… त्यांनी भाता ओढला आणि काळी चार दाबली. सूर बरोबर होता. त्यांनी तो कानानं पाहिला, डोळ्यानं पाहिला, पुन्हा पाहिला. काळी चार, वरची. याहून बरोबर सूर त्यांनी जन्मात दिला नव्हता.

ताई डाव्या बाजूला झुकल्या. पण डोळे मिटले नाहीत. त्यांनी मान वळवली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा खर्च्यांच्या बोटाकडे पाहिलं, ते नक्की कुठल्या पट्टीवर आहे ते. एक मात्रा गेली, दुसरी गेली. तबला वाट पाहत होता. खर्चे सूर धरून होते, भात्यातली हवा संपत आली होती, आणि त्या अजून पाहतच होत्या.